आजोबांच्या दोन सायकली



गेल्या अंकात मुलांनी 'आमचा शनिवार' या विषयावर निबंध लिहिले होते. सगळ्यांनी छान लिहिले. पण वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक निबंधात "मग आम्ही गाडीत बसलो" हे वाक्य होतेच! संपादिकाताईंनी "या वेळी पालकांनीही लिहा" असे बजावले, तेव्हा ठरवले की गाडीत न बसता मराठी वर्गाला कसे यायचे, याची आमच्या घरची हकीकत सांगावी. आम्ही पडलो संगणकवाले. आम्हाला सवय प्रोग्रॅम लिहायची, निबंध शेवटचा लिहिला तो बारावीत. चुका झाल्यास बाईंनी लाल पेनाने सुधाराव्यात, ही विनंती.

आम्ही राहतो टार्नीटला. मेलबर्नच्या पश्चिमेला, जिथे काही वर्षांपूर्वी नुसते माळरान होते तिथे. २०२१ च्या जनगणनेत या एका उपनगरात पन्नास हजारांहून जास्त माणसे होती. आपला वर्ग ज्या शाळेत भरतो ती शाळा सनशाइन स्टेशनपासून तीन किलोमीटर. घरापासून सगळे मिळून सतराएक किलोमीटर. फार नाही, पण चालत जाण्यासारखेही नाही.

आमचा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. मुलगी चार वर्षांची, अजून वर्गात बसण्याच्या वयाची नाही. मुलांच्या आईची शनिवारी सकाळी ड्यूटी असते आणि गाडी तीच घेऊन जाते, कारण पहाटे साडेपाचला दुसरे काहीच मिळत नाही. दोन वर्षे मुलगा वर्गातल्याच एका कुटुंबाबरोबर त्यांच्या गाडीतून येत असे. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण ती मंडळी ब्रिस्बेनला गेली आणि आमचा शनिवार अडला.

दोन मार्ग दिसत होते. एक, दुसरी गाडी घेणे. आठवड्यातल्या तीन तासांसाठी गाडी, तिचा विमा, रजिस्ट्रेशन, पेट्रोल! दुसरा, मुलाचे नाव वर्गातून काढणे. खरे सांगतो, आम्ही दुसराच मार्ग धरला होता. बाईंना द्यायचे पत्र लिहून फ्रीजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवले होते. मनातल्या मनात "घरीच शिकवू" असे म्हणून समाधान करून घेतले होते. घरी किती शिकवले जाते, हे सगळ्या पालकांना ठाऊक आहे.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे तळेगावला आजोबांना फोन केला. मुलानेच त्यांना सांगून टाकले.

"अरे, गाडी नाही म्हणून पोराचा वर्ग बंद?" आजोबा म्हणाले. "सायकल आहे ना त्याला?"

"बाबा, सतरा किलोमीटर आहे. वारा असतो. ट्रकचे रस्ते आहेत."

"मग रेल्वे नाही का तुमच्याकडे?"

"आहे हो, पण घरापासून स्टेशन लांब, आणि तिकडे स्टेशनपासून शाळा लांब."

आजोबा मोठ्याने हसले. "मग मी काय केलं एवढी वर्षं?"

मुलांनो, आता थोडा वेळ आपण तळेगावला जाऊ या. पुणे आणि लोणावळा यांच्यामध्ये तळेगाव दाभाडे आहे. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. आजोबा चिंचवडच्या एका कारखान्यात कामाला होते. तळेगावचे गाव एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे, मध्ये चांगले दोन-तीन किलोमीटर. तिकडे चिंचवड स्टेशनपासून कारखानाही तेवढाच लांब. आजोबा पहाटे सायकलवरून स्टेशनवर जात. स्टेशनबाहेर सायकल स्टँड होता. सायकल ठेवली की स्टँडवाले काका पत्र्याचा नंबरचा बिल्ला देत. मग लोकल, देहूरोड, आकुर्डी आणि चिंचवड. तिथेही स्टेशनबाहेर एक स्टँड आणि त्या स्टँडवर आजोबांची दुसरी सायकल! रंग उडालेली, सेकंडहँड, पण हवा भरलेली. आम्ही लहान असताना आम्हाला वाटायचे की आपण श्रीमंत आहोत, कारण आपल्या बाबांकडे दोन सायकली आहेत.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती आम्हाला या वयात समजली. लोकल उशिरा आली तरी स्टँडवाले काका स्टँड बंद करून जात नसत. शेवटच्या लोकलची माणसे उतरून आपापल्या सायकली घेऊन जाईपर्यंत ते कंदील लावून बसत. त्यांचे घड्याळ भिंतीवर नव्हते, रुळांवर होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मुंबईचे डबेवालेही असेच करतात. घराघरांतून डबे गोळा करून सायकलवरून स्टेशनला आणायचे, लोकलच्या सामानाच्या डब्यातून पाठवायचे आणि पलीकडच्या स्टेशनवर दुसऱ्या माणसाने दुसऱ्या सायकलवरून किंवा हातगाडीवरून पोचवायचे. डबा प्रवास करतो, सायकल आपापल्या स्टेशनलाच राहते.

फोन संपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, मी जातो की ट्रेननं." फ्रीजवरचे पत्र आम्ही तसेच राहू दिले, पण बाईंना दिले नाही.

आता आमच्या स्टेशनविषयी. टार्नीट स्टेशन २१ जून २०१५ ला सुरू झाले. त्याआधी जिलाँगच्या गाड्या वेरिबीवरून, उपनगरी गाड्यांच्याच रुळांवरून जात. पुढे लोकल असली की मागे एक्स्प्रेस अडकलीच! म्हणून 'रीजनल रेल लिंक' नावाचा नवा मार्ग बांधला. त्यावर टार्नीट आणि विंडहॅम व्हेल ही दोन नवी स्टेशने झाली. पण गाड्या मात्र व्ही-लाइनच्याच, डिझेलवरच्या, ताशी १६० किलोमीटरपर्यंत धावणाऱ्या, गावोगावच्या प्रवासासाठी तयार केलेल्या. पुण्याच्या भाषेत सांगायचे तर लोकलच्या गर्दीला इंद्रायणी एक्स्प्रेस लावल्यासारखे. त्यामुळे आठवड्यातल्या सकाळी तिथे केवढी गर्दी असते ते टार्नीटकरांना सांगायला नको.

शनिवारी मात्र तेवढी गर्दी नसते. पूर्वी शनिवार-रविवारी या मार्गावर चाळीस मिनिटांनी एक गाडी असे. डिसेंबर २०२४ पासून ती वीस मिनिटांनी येऊ लागली. हा बदल ऐकायला किरकोळ वाटतो. पण चाळीस मिनिटांनी गाडी असते तेव्हा माणूस गाडीच्या वेळेने जगतो, आणि वीस मिनिटांनी असते तेव्हा गाडी चुकली तरी जीव जात नाही. चौदा वर्षांच्या मुलाला एकटे सोडायचे की नाही, हे आम्ही या वीस मिनिटांवरच ठरवले.

पहिले तीन शनिवार आम्हीही बरोबर गेलो. धाकटी सायकलच्या मागच्या सीटवर, हेल्मेट घालून, रस्ताभर बडबडत. हेल्मेटची एक माहिती: १ जुलै १९९० ला व्हिक्टोरियाने सगळ्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले, आणि असा कायदा करणारे हे जगातले पहिले राज्य ठरले. आणखी एक नियम: तेरा वर्षांखालील मुलांना इथे फुटपाथवरून सायकल चालवता येते. आमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलेला. त्यामुळे कुठला रस्ता शांत, कुठे सायकलीची वेगळी वाट, कुठल्या चौकात उतरून हातात धरून न्यायची, हे सगळे आम्ही नकाशावर आखून दिले.

गाडीत सायकल फुकट नेता येते, पण जागा असेल तरच. कंडक्टर सांगतील तसे करायचे, दार अडवायचे नाही, व्हीलचेअरवाल्यांची आणि बाबागाडीवाल्यांची पाळी आधी. मेलबर्नच्या उपनगरी गाड्यांत पहिल्या डब्याचे पहिले दार व्हीलचेअरसाठी असते, तिथून सायकल चढवायची नाही, हेही सांगून ठेवले. चौथ्या शनिवारी चिरंजीव म्हणाले, "आता मी एकटा." आम्ही दारात उभे राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो. मग तासभर फोन हातातून खाली ठेवला नाही. टार्नीटला चढलो, सनशाइनला उतरलो, शाळेत पोचलो, असे तीन निरोप आले आणि मग आमचा चहा झाला.

सगळे सुरळीत चालले होते. मग तो शनिवार आला.

त्या दिवशी वर्गात मुलांनी पाच मिनिटे बोलायचे होते. विषय होता 'माझे आजोबा किंवा आजी'. आमच्या मुलाने आठवडाभर आरशासमोर उभे राहून तयारी केली होती. 'स्टँडवाले काका' म्हणताना त्याचा 'ळ' आणि 'ल' यांचा नेहमीचा गोंधळ होत नाही, म्हणून ते शब्द त्याने मुद्दाम चार वेळा घातले होते. स्टेशनवर पोचतो तो काय, रुळांचे काम चालू आणि गाड्यांऐवजी बस! सूचना आधीच लावलेली होती. चूक आमची, आम्ही वाचलीच नव्हती. आणि या बदली बसमधून घडी न होणारी सायकल नेता येत नाही, असा नियम. तोही आम्हाला माहीत नव्हता.

"बाबा, आता?" फोनवरचा आवाज थोडा कापत होता.

गाडी घरी नव्हती. आम्ही म्हणालो, "घरी ये. पुढच्या शनिवारी बोल." क्षणभर पलीकडे शांतता. मग, "नको. मी जातो."

त्याने सायकल स्टेशनवरच्या रॅकला कुलूप लावून ठेवली, बस पकडली, सनशाइनला उतरला आणि तीन किलोमीटर समोरच्या वाऱ्यात चालत गेला. वर्ग संपायला दहा मिनिटे होती तेव्हा तो दारात पोचला. बाईंनी काही न विचारता त्याला समोर उभे केले. त्याचे बोलणे कसे झाले ते ज्यांनी ऐकले त्यांना माहीत आहे. आम्ही तिथे नव्हतो, ही हळहळ राहिली. संध्याकाळी फ्रीजवरचे पत्र फाडून टाकले.

पण संगणकवाल्याला नुसते कौतुक करून झोप लागत नाही. चूक नेमकी कुठे झाली ते शोधावेच लागते. आमच्या कामात एक अनुभव नेहमी येतो. दोन माणसांनी दोन प्रोग्रॅम लिहिलेले असतात, दोन्ही उत्तम चालतात, आणि एकत्र जोडले की बंद पडतात. दोष याच्यात नसतो, त्याच्यातही नसतो, दोष असतो सांध्यात. प्रवासाचेही तसेच. गाडी चांगली, बस चांगली, सायकल चांगली. अडते ते एकातून दुसऱ्यात जाताना.

मुलांनो, इथे थोडे गणित करू. शाळेत ल.सा.वि. शिकलात ना? समजा, गाडी दर वीस मिनिटांनी येते: १० वाजता, १० वाजून २० ला, १० वाजून ४० ला. आणि स्टेशनबाहेरची बस दर तीस मिनिटांनी सुटते: १० वाजून ५ ला, १० वाजून ३५ ला, ११ वाजून ५ ला. पहिल्या गाडीने आलेला माणूस पाच मिनिटे थांबेल, दुसऱ्या गाडीचा पंधरा मिनिटे, आणि तिसऱ्या गाडीचा पंचवीस मिनिटे! २० आणि ३० यांचा ल.सा.वि. ६०, म्हणून तासातून एकदाच नीट जमते. बस दर वीस मिनिटांनी, गाडीनंतर पाच मिनिटांनी सुटली तर प्रत्येकाला पाचच मिनिटे थांबावे लागेल. आणि तेवढ्या बस परवडत नसतील तर चाळीस मिनिटांची करा. निदान एक गाडी सोडून दुसऱ्या गाडीशी तिची गाठ दिवसभर हमखास पडेल. म्हणजे बस नुसत्या वाढवून भागत नाही, गाडीच्या तालात बसवाव्या लागतात. स्वित्झर्लंडने १९८२ पासून सगळ्या देशाचे वेळापत्रकच अशा तालावर बसवले. तिथे गाड्या ठरावीक अंतराने धावतात आणि मोठ्या स्टेशनांवर गाड्यांच्या आणि बसच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या असतात.

आता समजले ना, तळेगावचे स्टँडवाले काका किती हुशार होते ते?

आणखी एक हिशेब. माणूस पंधरा मिनिटांत साधारण सव्वा किलोमीटर चालतो. सायकलवर तेवढ्याच वेळात पावणेचार किलोमीटर जातो, म्हणजे तिप्पट. पण स्टेशनभोवती वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ तिपटीने नाही, नऊ पटीने वाढते. म्हणजे सायकल नीट ठेवण्याची सोय केली की तेच स्टेशन नऊपट मोठ्या भागातल्या लोकांच्या उपयोगी पडते. शिवाय एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज राहतात.

मग सगळ्यांनी सायकली गाडीत चढवाव्यात का? नाही. हे आम्ही सायकलवाले असूनही म्हणतो. आठवड्यातल्या सकाळी भरलेल्या गाडीत एक सायकल दोन-तीन माणसांची जागा खाते. थोड्यांसाठी गाडीत जागा हवी, पण बहुतेकांसाठी हवा तो स्टेशनवर भरवशाचा स्टँड. व्हिक्टोरियात २००८ पासून अनेक स्टेशनांवर 'पार्किटीअर' नावाचे, कार्डाने उघडणारे सायकलींचे पिंजरे उभारले आहेत. हॉलंडमध्ये उट्रेख्टच्या स्टेशनखाली तर साडेबारा हजार सायकली राहतात, २०१९ मध्ये तो स्टँड पुरा झाला. आणि बसविषयी म्हणाल तर आपल्याच देशात कॅनबेराच्या बसना पुढे रॅक असतो, त्यावर दोन सायकली बसतात. आजोबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय! आमची एस.टी. टपावर टाकून न्यायची. सायकलच काय, शेळीसुद्धा." शेळीचे खरे-खोटे त्यांनाच माहीत.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही आजोबांचा उपाय केला. एक जुनी सायकल मिळवली, चेन नवी घातली, ब्रेक घट्ट केले. सनशाइन स्टेशनजवळ राहणाऱ्या, वर्गातल्याच एका कुटुंबाने त्यांच्या गॅरेजचा कोपरा दिला. आता मुलगा टार्नीटला एक सायकल ठेवतो आणि सनशाइनला दुसरी घेतो. गाडी असो, बदली बस असो, त्याचे काही अडत नाही. परत येताना गॅरेज बंद व्हायची वेळ झाली तर त्या काकू थांबतात. "पोरगा आला की लावते कुलूप," म्हणतात. तळेगावचा स्टँड मेलबर्नला असा उघडला.

पण प्रत्येक मुलाला अशी काकू मिळेल असे नाही, आणि मिळावी लागूही नये. म्हणून आम्ही दोन महिने एका वहीत वेळा लिहिल्या: गाडी किती वाजता आली, बस किती वाजता सुटली, रॅकमध्ये जागा होती का. मग आमच्या भागाच्या आमदारांना आणि कौन्सिलला एक पानी पत्र लिहिले. तक्रार नाही, नुसत्या वेळा आणि तीन मागण्या. बस गाडीच्या तालात बसवा. दोन्हीकडच्या स्टेशनांवर कुलपाचे सायकल स्टँड पुरेसे करा. आणि रूळ बंद असतील त्या दिवशी सायकलवाल्यांसाठी काहीतरी सोय ठेवा, निदान सूचनेत पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहा. पोच आली आहे, उत्तराची वाट पाहत आहोत. एका पत्राने काही होत नाही म्हणतात. पण तीस घरांतून तीस पत्रे गेली तर कोणीतरी ती मोजेल. चाळीस मिनिटांची गाडी वीस मिनिटांनी येऊ लागली, तीही लोकांनी वर्षानुवर्षे मागितली म्हणूनच.

पालकहो, एक आठवण. मार्च २०२३ च्या अखेरीपासून व्हिक्टोरियाच्या गावोगावच्या गाड्यांचे दिवसाचे भाडे मेलबर्नच्या भाड्याइतकेच मर्यादित झाले आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून अठरा वर्षांखालील मुलांना युथ मायकी कार्डावर सार्वजनिक वाहतूक मोफत आहे. जिलाँग, बॅलारॅटहून येणाऱ्या कुटुंबांनी याचा विचार करावा. पैशाची अडचण बरीच कमी झाली. राहिली ती शेवटच्या तीन किलोमीटरची.

परवा आजोबांनी फोनवर नातवाला विचारले, "स्टँडवाल्यांना महिन्याचे किती देतोस?"

"फुकट आहे, आजोबा."

"फुकट कसलं? दिवाळीला चकल्या दे त्यांना."

तेव्हा काकू, चकल्या येणार आहेत. कमी-जास्त तिखट आधी कळवावे.

मुलांसाठी करून पाहा: तुमच्या घराजवळच्या स्टेशनवर शनिवारी गाडी किती मिनिटांनी येते आणि बाहेरची बस किती मिनिटांनी सुटते ते लिहून आणा. दोन्हींचा ल.सा.वि. काढा. सर्वांत जास्त वेळ कोणाला थांबावे लागते? पुढच्या वर्गात फळ्यावर मांडू.